पाय घसरला, की पाय कमी पडला?

म्हातारं माणूस पडलं की घरात पहिली चौकशी होते ती जागेची. कुठे पडल्या? मोरीत. कशाने? पाय घसरला. मग फरशीवर शेवाळ होतं का, स्लिपर झिजली होती का, पायपुसणं कुणी सरकवून ठेवलं होतं, याचा तपास लागतो आणि खुब्याचं ऑपरेशन होऊन माणूस घरी यायच्या आत मोरीत खरबरीत फरशी बसलेली असते. फरशी बदलली हे बरंच झालं. पण ‘पाय घसरला’ हे आपण कारण म्हणून सांगतो आणि बऱ्याचदा ते नुसतं वर्णन असतं. त्याच ओल्या फरशीवरून घरातली नात दिवसातून दहादा पळते. तीही घसरते, हात हवेत फेकते, एक पाऊल वेडंवाकडं टाकते आणि सावरते. दोघींच्या पायाखालची फरशी एकच आहे. आजी आणि नात यांच्यातला फरक तोल गेल्यानंतरच्या अर्ध्या-पाऊण सेकंदात आहे, आणि तो बहुतांशी पायांतला आहे.

आपण का पडलो हे पडणाऱ्याला नीट सांगता येत नाही, ही या विषयातली जुनी अडचण. सगळं इतक्या झटकन होतं की नंतर आठवणीत उरतं ते जमिनीवर असणं. मधला भाग माणूस तर्काने भरून काढतो. कॅनडात व्हँकूव्हरजवळच्या दोन वृद्धाश्रमांमध्ये स्टीफन रॉबिनोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर साधा उपाय केला. जेवणघर, बैठकीची खोली, व्हरांडे अशा सामायिक जागांमध्ये कॅमेरे बसवले आणि खरंखुरं पडणं टिपलं. १३० माणसांची २२७ पडणी त्यांनी तपासली, आणि २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा अहवाल आला. सर्वांत मोठं कारण, ४१ टक्के वेळा, हे निघालं की माणसाने आपल्या शरीराचं वजन चुकीच्या रीतीने सरकवलं: वळताना, वाकताना, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देताना. ठेच लागणं किंवा पायात पाय अडकणं २१ टक्के. घसरणं फक्त ३ टक्के. १३ टक्के पडणी नुसतं उभं असताना झाली आणि १२ टक्के खाली बसताना. म्हणजे साधारण चारातलं एक पडणं असं, की ज्यात माणूस चालतही नव्हता. यावर एक आक्षेप लगेच घेता येईल आणि तो रास्त आहे. न्हाणीघरात कॅमेरे नव्हते, आणि कॅनडातल्या वृद्धाश्रमाची कोरडी जमीन म्हणजे आपली पाणी वाहणारी मोरी नव्हे. आपल्याकडे मोजलं तर घसरण्याचा आकडा ३ टक्क्यांवर थांबणार नाही. तरीही कोरड्या, सपाट, उजेड असलेल्या जागेत, वाटेत काहीही नसताना माणसं पडतात हे त्या चित्रणाने दाखवलं, आणि तिथे फरशीला दोष देता येत नाही.

उभं राहणं ही गोष्ट आपल्याला स्थिर वाटते, पण ती स्थिर नसते. शरीराचा गुरुत्वमध्य बेंबीच्या थोडा खाली, म्हणजे जमिनीपासून बराच उंच असतो, आणि आधार काय, तर दोन पावलांखालची आणि त्यांच्यामधली वीतभर जागा. तळहातावर काठी उभी धरणारा पोरगा हात सतत हलवत असतो, तसंच आपलं शरीर सतत पुढे-मागे झुलत असतं आणि पोटऱ्या, नडग्यांचे स्नायू त्याला दर क्षणी परत ओढत असतात. डोळे, आतला कान आणि तळपायांतल्या व सांध्यांतल्या संवेदना मिळून मेंदूला कळवतात की तोल कुणीकडे चालला आहे. झोल लहान असेल तर घोटे भागवतात. मोठा असेल तर खुब्यातून शरीर वाकतं. त्याहून मोठा असेल तर एकच मार्ग उरतो, चटकन पाऊल टाकायचं आणि पडत्या शरीराचं सगळं वजन त्या एका पायावर झेलायचं. उभा माणूस जमिनीवर आदळायला साधारण पाऊण सेकंद लागतो. त्यातला काही भाग तोल गेला हे कळण्यात जातो. उरलेल्या वेळात पाय उचलायचा, पुढे न्यायचा, आणि तो टेकला की गुडघा दुमडू न देता तिथे रोखायचा. पाय उचलणं फारसं अवघड नसतं, अवघड असतं ते रोखणं. वाढत्या वयात पुष्कळदा पाऊल वेळेवर पडतं, पण टेकलेला गुडघा भार घेत नाही आणि माणूस टाकलेल्या पावलावरच कोसळतो.

इथे ताकद आणि जोम यांत भेद करावा लागतो. ताकद म्हणजे स्नायू एकूण किती जोर लावू शकतो. जोम म्हणजे तो जोर किती लवकर लावू शकतो. पाण्याची भरलेली बादली सावकाश उचलणाऱ्या माणसाकडे ताकद असते, पण सावरण्याच्या क्षणी तेवढी फुरसत मिळत नाही. आणि वय आधी हात घालतं ते जोमावर. स्नायूत संथ पण चिवट तंतू असतात आणि झटपट पण लवकर थकणारे असतात. म्हातारपणी बारीक होतात ते मुख्यतः दुसरे. स्वीडनमधल्या लेक्सेल यांनी १९८८ मध्ये मृत्यूनंतर तपासलेल्या मांडीच्या स्नायूंवरून दाखवलं की विशीपासून ऐंशीपर्यंत स्नायूचा आकार सरासरी ४० टक्क्यांनी कमी होतो, आणि ही घट पंचविशीच्या सुमारासच सुरू झालेली असते. मांडी बाहेरून तेवढी बारीक दिसतेच असं नाही, कारण रिकामी जागा चरबी भरून काढते. त्यामुळे ‘अंगाने चांगल्या आहेत’ हे पायांबद्दलचं प्रमाणपत्र समजू नये. या झिजेला ‘सार्कोपेनिया’ हे ग्रीक घडणीचं नाव अमेरिकी आहारतज्ज्ञ आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ मध्ये दिलं; अर्थ सरळच, मांस कमी होणं.

पायांची परीक्षा घ्यायला यंत्र लागत नाही. सुमारे ४३ सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवायची, दोन्ही हात छातीवर घ्यायचे आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून परत बसता येतं ते मोजायचं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या तक्त्यानुसार ७० ते ७४ वयात बाईला १० पेक्षा आणि पुरुषाला १२ पेक्षा कमी जमलं तर ते सरासरीखाली धरतात. ज्यांना हात टेकल्याशिवाय एकदाही उठता येत नाही त्यांचा आकडा शून्य, आणि असा शून्य आपल्या घरात बसलेला आहे हे अनेक कुटुंबांना ठाऊकच नसतं, कारण खुर्चीला हात असतात. दुसरी एक परीक्षा त्याहून गमतीची आहे. स्वीडनमध्ये १९९७ मध्ये एका निवासगृहातल्या ५८ वृद्धांबरोबर चालता चालता गप्पा सुरू केल्या गेल्या. १२ जण उत्तर देण्यासाठी थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले. ज्याला बोलायसाठी पाय थांबवावे लागतात त्याचं चालणं आपोआप होत नाही, त्याला त्यावर लक्ष खर्चावं लागतं. आणि घरात फोन वाजतो, कुकरची शिट्टी होते, दारावर कुणी येतं, तेव्हा ते लक्ष दुसरीकडे जातं.

आता मुख्य प्रश्न. पाय कमकुवत होतात ते वयाने की न वापरल्याने? उत्तर दोन्ही असं आहे, पण दुसऱ्याचा वाटा आपण फार कमी धरतो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणात पडून राहायला सांगितलं. दहा दिवसांत त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो चरबीविरहित वस्तुमान गेलं. ही माणसं आजारी नव्हती, जेवत होती, फक्त उठत नव्हती. तापाने आठवडाभर झोपून काढल्यावर ‘पायांत त्राणच उरलं नाही’ असं म्हातारी माणसं म्हणतात ते अगदी खरं असतं. आपण ते तापाच्या नावावर घालतो, प्रत्यक्षात निम्मं बिल अंथरुणाचं असतं. आणि अंथरूण हे या गोष्टीचं टोक झालं. त्याच्या अलीकडे एक लांबलचक, मायेचा उतार आहे. ‘आई, तुम्ही बसा, मी आणते.’ ‘बाबा, जिना नको, लिफ्टने चला.’ पाणी हातात मिळतं, औषधं पलंगापाशी येतात, भाजी निवडायला ताट मांडीवर येतं. ऊठबस हा शब्द आपण पाहुण्यांच्या सरबराईसाठी वापरतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची ती सरबराई सुरू झाली की त्याची स्वतःची ऊठबस बंद होते. एकदा पडल्यानंतर तर हा पहारा दुप्पट कडक होतो, आणि पडण्याच्या भीतीने माणूस स्वतःही हालचाल आवरतो. पाय आणखी उतरतात, पुढचं पडणं जवळ येतं, आणि ते आलं की सगळे म्हणतात, एवढं जपलं तरी पडल्याच.

घरांची मांडणीही याच दिशेने बदलली. पाटावरची जेवणं टेबलावर गेली, उकिडवं बसायचा संडास जाऊन कमोड आला, केर काढायला वाकणं आणि फरशी पुसायला बसणं लांब दांड्यांनी संपवलं. यात बायकांचे कष्ट वाचले आणि ते वाचायलाच हवे होते. पण जमिनीवरून उठणं ही पायांची दिवसातली सर्वांत मोठी कसरत होती आणि ती गुपचूप रद्द झाली. ब्राझीलमध्ये क्लॉडिओ गिल आराउजो यांनी हीच हालचाल परीक्षा म्हणून वापरली. जमिनीवर बसायचं आणि उठायचं, बसण्याचे ५ गुण, उठण्याचे ५, आणि हात, गुडघा किंवा कोपर टेकलं की दर वेळी एक गुण वजा. ५१ ते ८० वयाच्या २,००२ जणांवर साधारण सहा वर्षं लक्ष ठेवल्यावर दिसलं की सर्वांत कमी गुणांच्या गटात मृत्यूचं प्रमाण सर्वांत जास्त गुणांच्या गटाच्या पाचपटींहून अधिक होतं. याचा अर्थ जमिनीवर बसल्याने आयुष्य वाढतं असा कुणी लावू नये. ज्याचं शरीर आतून खालावलेलं आहे त्याला उठता येत नाही, एवढंच ते सांगतं.

उकिडवं बसण्याचं गुणगान करणाऱ्यांना बीजिंगचा अनुभवही विचारात घ्यावा लागेल. तिथल्या वृद्धांच्या पाहणीत तरुणपणी रोज तासन्‌तास उकिडवं बसलेल्यांमध्ये गुडघ्याची झीज जास्त आढळली होती. तेव्हा ‘जुनं ते सोनं’ हे उत्तर पुरत नाही. ज्यांचे गुडघे आधीच दुखतात त्यांना पाटावर बसवणं क्रूरपणाच होईल. पण गुडघे दुखतात म्हणून मांडीचे स्नायू वापरायचेच नाहीत, हाही उलटा हिशोब आहे. गुडघ्याचा भार मांडीचा पुढचा स्नायू उचलतो. तो ढिला पडला की सांध्यावर जास्त येतं. सांधेझीज असलेल्यांनी नियमाने व्यायाम केला तर वेदना कमी होते, याला आता भरपूर आधार आहे. जमीन जमत नसेल तर उंच खुर्ची घ्यावी, तीही जड जात असेल तर बैठकीवर उशी ठेवून ती आणखी उंच करावी. उंची हवी तेवढी वाढवावी, हाताचा आधार तेवढा हळूहळू कमी करत न्यावा.

‘आता या वयात काय व्हायचंय’ या वाक्याला मिळालेलं सर्वांत सणसणीत उत्तर बॉस्टनमधून आलं. १९९० मध्ये मारिया फियाटारोने आणि सहकाऱ्यांनी तिथल्या एका वृद्धनिवासातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या दहा माणसांना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा वजनी व्यायाम दिला. हळूच हातपाय हलवण्याचा तो प्रकार नव्हता. एका वेळी जेवढं उचलता येईल त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत वजन नेलं होतं. नऊ जणांनी तो पुरा केला आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांनी काठी सोडली. दहा माणसांवरून जगाचे नियम ठरत नाहीत, म्हणून १९९४ मध्ये त्यांनीच सरासरी ८७ वर्षांच्या शंभर जणांवर प्रयोग केला. त्यात एका गटाला व्यायाम, एकाला पौष्टिक पेय, एकाला दोन्ही आणि एकाला दोन्ही नाही. व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून जास्त झाली. नुसतं पेय पिणाऱ्यांना त्याचा काही फायदा दिसला नाही. आजोबांसाठी प्रथिनांच्या पावडरीचा डबा आणून कर्तव्य पार पाडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. प्रथिनं लागतात, विशेषतः चहा-बिस्किटांवर दिवस ढकलणाऱ्यांना, पण विटांचा ढीग आणून टाकला आणि गवंडी बोलावलाच नाही तर भिंत उभी राहत नाही.

ताकद वाढली म्हणून पडणं थांबतं का? इथे पुरावा आपल्याला थोडं अडवतो, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत उपयोगी धडा त्या अडवण्यात आहे. कॅथरीन शेरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये १०८ चाचण्या आणि २३ हजारांहून अधिक सहभागी एकत्र तपासले. व्यायामाने एकूण पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी घटतं, हे पक्कं निघालं. पण कोणता व्यायाम? तोल सांभाळण्याचे आणि रोजच्या हालचालींचे व्यायाम, म्हणजे खुर्चीतून उठणं, पायरी चढणं, टाच-अंगठा जोडून चालणं, २४ टक्के. त्यांना वजनी व्यायामाची जोड दिली तर ३४ टक्क्यांपर्यंत. आणि नुसते वजनी व्यायाम किंवा नुसतं चालणं यांच्याबद्दल ठाम काही म्हणता आलं नाही. ताकद हे भांडवल झालं. ते ऐनवेळी पाऊल टाकायला वापरण्याची सवय वेगळी शिकावी लागते.

चालण्याबद्दलचं हे वाचून बागेत फेऱ्या मारणारे ज्येष्ठ नाराज होतील. ‘रोज तीन किलोमीटर चालतो’ हे आपल्याकडे निरोगी म्हातारपणाचं बिरुद आहे, आणि हृदयासाठी, साखरेसाठी, झोपेसाठी, गप्पांसाठी ते चालणं उत्तमच. पण सपाट रस्त्यावर एकाच चालीने चालणाऱ्याच्या तोलाला आव्हान मिळत नाही. ब्रिटनमध्ये हात मोडलेल्या बायकांना भरभर चालायला लावलं तेव्हा त्यांचं पडणं उलट वाढलं होतं. तोल सुधारायचा असेल तर तो थोडा जायला हवा, सुरक्षित जागी, हाताशी कठडा असताना. न्यूझीलंडचा ‘ओटॅगो’ कार्यक्रम याच तत्त्वावर उभा आहे. घोट्याला वजनाची पट्टी बांधून पाय सरळ करणं, चवड्यांवर आणि टाचांवर चालणं, बाजूने पावलं टाकणं, मागे चालणं, एका पायावर उभं राहणं. आठवड्यातून तीनदा अर्धा-अर्धा तास, घरच्या घरी. मूळ चाचणी ऐंशीच्या पुढच्या बायकांवर झाली होती.

मग सगळं पायांवरच आहे का? नाही. झोपेच्या आणि मन शांत करणाऱ्या गोळ्या हा दुसरा मोठा गुन्हेगार आहे. न्यूझीलंडमध्येच १९९९ मध्ये अशा गोळ्या हळूहळू सोडवल्या तेव्हा पडणं ६६ टक्क्यांनी कमी झालं, आणि प्रयोग संपल्यावर महिन्याभरात गोळ्या सुटलेल्यांतल्या जवळजवळ निम्म्यांनी त्या पुन्हा सुरू केल्या. मोतीबिंदू वेळेवर काढणं, उठताना रक्तदाब उतरतो का ते पाहणं, रात्री संडासच्या वाटेवर दिवा, यांना पर्याय नाही. ड जीवनसत्त्वाचा मोह मात्र आवरायला हवा. ऑस्ट्रेलियात वृद्ध बायकांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिटांचा डोस दिला तेव्हा पडणं आणि हाडं मोडणं दोन्ही वाढलं. आणखी एक कटू गोष्टही मांडायला हवी. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये जवळजवळ दहा हजार वृद्धांवर झालेल्या चाचणीत पत्राने चाळणी लावून धोका असलेल्यांना व्यायामाला पाठवलं गेलं, तर हाडं मोडण्याचं प्रमाण कमी झालं नाही. काही जण यावरून सगळा व्यायामच निकालात काढतात. मला त्यातून दिसतं ते एवढंच की व्यायामाचा कागद हातात देणं आणि तो वर्षभर होत राहणं यांत फार अंतर आहे. पडणं सर्वांत जास्त कमी झालं ते ज्या चाचण्यांत तोलाला खरं आव्हान होतं आणि व्यायाम आठवड्याला तीन तासांहून अधिक होता. आपल्या घरांमध्ये ते तीन तास वेगळे काढणं अवघड. रोजच्या कामांत मिसळले तरच ते निघतात. दूध तापेपर्यंत ओट्याला हात लावून चवड्यांवर वर-खाली व्हायचं. काही आठवड्यांनी दोन बोटंच टेकवायची. मग बोटं ओट्याच्या वर नुसती धरायची.

राहिला तो भाग ज्याबद्दल कुणी बोलत नाही, पडल्यानंतरचा. जगात दरवर्षी पडून मरणाऱ्यांची संख्या जागतिक आरोग्य संघटना ६ लाख ८४ हजार सांगते, आणि त्यांतले ८० टक्क्यांहून जास्त मृत्यू कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. पण सगळीच पडणी अशी नसतात. बहुतेकांत हाड मोडत नाही. अमेरिकेत मेरी टिनेटी यांच्या पाहणीत पडूनही इजा न झालेल्या ३१३ वृद्धांपैकी १४८ जणांना निदान एकदा तरी स्वतःहून उठता आलं नव्हतं. कुठे मोडलेलं नाही, तरी माणूस तासन्‌तास फरशीवर पडून, दार आतून लावलेलं. हे उठणं शिकवता येतं, घरच्या सतरंजीवर, सोबत कुणीतरी असताना. आधी तसंच पडून राहून खुबा, मनगट, डोकं दुखतंय का ते पाहायचं. खुबा दुखत असेल तर हलायचं नाही, हाक मारायची. नसेल तर कुशीवर वळायचं, कोपरावर यायचं, मग दोन्ही हात आणि गुडघ्यांवर. रांगत पलंगापाशी किंवा भक्कम खुर्चीपाशी जायचं, दोन्ही तळहात तिच्यावर ठेवायचे, ज्या पायावर जास्त भरवसा आहे तो पुढे घेऊन पाऊल टेकवायचं आणि त्या पायावर जोर देत वर यायचं. उभं राहायचं नाही, वळून आधी बसायचं आणि श्वास खाली येऊ द्यायचा.